ब्रेक दाबला की हिरवा दिवा मिणमिणतो: एका जुन्या गाडीच्या लायटिंगचं प्रकरण

गाडी १९६९ सालची, ब्रिटिश बनावटीची, दोन दारांची. इंजिन ठणठणीत, रंग नवाकोरा, सीट नव्याने शिवून घेतलेल्या. मालकांचं मागणं एका वाक्याचं होतं: "सगळं वायरिंग उपटून काढा आणि नवं हार्नेस टाका. पन्नास वर्षांच्या तारा त्या, त्यांच्यावर किती दिवस भरवसा ठेवायचा?"

वरवर पाहता रास्त वाटावं असं मागणं. हार्नेस म्हणजे गाडीभर फिरणाऱ्या तारांचा बांधलेला जुडगा. जुन्या गाड्यांसाठी ते तयार मिळतं आणि ते बसवणं कटकटीचं असलं तरी अशक्य नाही. पण हार्नेस बदललं तरी त्याची टोकं लागतात जुन्याच स्विचला, जुन्याच होल्डरला, जुन्याच फ्यूजबॉक्सला आणि त्याच पत्र्याला. तार मध्येच सडली आहे असं क्वचित होतं. बिघाड असतो तो टोकाला: जिथे तार कशाला तरी जोडली आहे, कशावर तरी घासते आहे किंवा बॉडीला अर्थ झाली आहे (म्हणजे वीज बॅटरीकडे परत जावी म्हणून पत्र्याशी जोडली आहे). म्हणून मालकांना म्हटलं, "आधी मोजून बघू. हार्नेसचा दोष निघाला तर बदलू."

तक्रारी अशा होत्या. हेडलाईट पिवळट, गाडी एका जागी उभी असली की आणखीच मलूल. ब्रेक दाबला की उजवा मागचा दिवा झकास उजळतो, डावा मात्र उजळण्याऐवजी विझल्यासारखा होतो. डावा इंडिकेटर रेंगाळत चालतो. पार्किंग लाईटचा फ्यूज पूर्वी अधूनमधून उडायचा. कुणीतरी "जाड" फ्यूज टाकल्यापासून उडत नाही, पण कधीकधी डिकीच्या बाजूने जळका वास येतो. डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात. आणि एक गोष्ट मालकांनी सहज बोलता बोलता सांगितली, तक्रार म्हणून नव्हे, गंमत म्हणून: रात्री ब्रेक दाबला की डाव्या इंडिकेटरचा हिरवा दिवा डॅशवर मिणमिणतो.

या गमतीनेच अर्धं काम केलं.

आधी काय काय करून झालं होतं तेही विचारून घेतलं. फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) नवा, बॅटरी नवी, सगळे बल्ब नवे, अल्टरनेटर उघडून तपासलेला. हेडलाईटला तर १००/९० वॅटचे (अप्परला १००, डिपरला ९०) बल्ब चढवले होते, कारण ६०/५५ चे "पुरत नव्हते". एवढं सगळं बदलूनही दिवे होते तसेच राहिले, म्हणजे दोष बदललेल्या वस्तूंत नव्हता. मेहनत वाया गेली असली तरी निष्कर्ष फुकट मिळाला.

हात लावण्याआधी

जुन्या ब्रिटिश गाडीवर काम करताना पहिली खात्री पोलॅरिटीची. साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असायच्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक बॉडीला. कुणी मध्येच उलटवलेल्याही असतात. ही गाडी निगेटिव्ह अर्थची निघाली. मीटरची काळी सुई कुठे लावायची हे ठरलं, बाकी फरक नाही.

दुसरं, तारांचे रंग. ब्रिटिश स्टँडर्ड एयू ७ या पद्धतीत रंगावरून तारेचं काम कळतं, आणि हे रंग एकदा डोक्यात बसले की निम्म्या वेळा नकाशा उघडावा लागत नाही. तपकिरी म्हणजे थेट बॅटरीवरून आलेली. पांढरी म्हणजे इग्निशनची चावी फिरवल्यावर जिवंत होणारी, हिरवी म्हणजे तीच पण फ्यूजमधून गेलेली. लाल म्हणजे पार्किंग आणि टेल. निळी म्हणजे हेडलाईट. त्यात निळ्यावर पांढरी रेघ अप्परची, लाल रेघ डिपरची. हिरव्यावर जांभळी रेघ ब्रेकची, हिरव्यावर लाल डाव्या इंडिकेटरची, हिरव्यावर पांढरी उजव्याची. काळी म्हणजे अर्थ. या गाडीत मूळ रंग बहुतेक शाबूत होते, फक्त डिकीत कुणीतरी पिवळ्या तारेचा एक तुकडा घुसडला होता. त्याच्यापाशी पुढे येतोच.

तपकिरी तारेबद्दल सावधगिरीचा शब्द. या काळातल्या पुष्कळ गाड्यांत तपकिरी तारेला फ्यूजच नसतो. ती स्टार्टरच्या सोलेनॉईडवरून (स्टार्टरला वीज देणाऱ्या स्विचवरून) निघून थेट स्विचपर्यंत जाते. तिथे पाना किंवा बोटातली अंगठी बॉडीला टेकली तर मध्ये अडवणारं काहीच नाही. मोजायचं नसेल तेव्हा बॅटरीचं टर्मिनल काढलेलं बरं.

बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, इंजिन जरा चढवलं की १४.१. म्हणजे वीज तयार होते आहे आणि साठते आहे. पुढची सगळी चौकशी बॅटरी ते बल्ब आणि बल्ब ते बॅटरी या वाटेची.

मागचा डावा दिवा

गाडी अंधारात घेतली आणि एक माणूस मागे उभा केला. बल्ब काढण्याआधी, मीटर उघडण्याआधी फक्त बघायचं: कोणता स्विच दिला की कोणता दिवा काय करतो. आळस न करता सगळ्या जोड्या लावायच्या, कारण दोन दिवे एकत्र लावल्यावरच काही दोष तोंड वर काढतात.

नुसते पार्किंग लावले की दोन्ही टेल लॅम्प ठीक. पार्किंग लावून ब्रेक दाबला की उजवा लखलखीत आणि डावा काळवंडलेला, लालसर निखाऱ्यासारखा. पार्किंग बंद करून ब्रेक दाबला की डावा तसाच क्षीण, आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरचा बल्बही बारीक पेटलेला. डावा इंडिकेटर दिला की मागचा डावा अगदी मंद, आणि मागे उभा असलेला म्हणाला, "अहो, उजव्या ब्रेकचा दिवा पण त्याच तालात लुकलुकतोय."

ब्रेकचा आणि इंडिकेटरचा काही संबंध नाही. तारा वेगळ्या, स्विच वेगळे. त्यांची गाठ पडते फक्त एका ठिकाणी: मागच्या डाव्या दिव्याच्या धातूच्या अंगात. त्या एकाच घरात टेल-ब्रेकचा २१/५ वॅटचा (ब्रेकला २१, टेलला ५) दुहेरी बल्ब आणि इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब बसतात, आणि तिन्ही फिलामेंटची (बल्बमधल्या तापून उजळणाऱ्या तारांची) परतीची वाट एकच, दिव्याच्या अंगातून बॉडीला. ती वाट बंद झाली तर वीज थांबत नाही. बांध घातलेल्या पाण्यासारखी ती दुसऱ्या फटीतून वाट काढते.

म्हणजे असं. ब्रेकची वीज डाव्या ब्रेकच्या फिलामेंटमधून दिव्याच्या अंगात येते. अंगातून बॉडीला जाता येत नाही, म्हणून ती शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमध्ये उलटी शिरते, हिरव्या-लाल तारेवरून पुढे जाते आणि पुढच्या डाव्या इंडिकेटरच्या बल्बमधून बॉडीला पोचते. त्या बल्बचा अर्थ चांगला आहे ना! वाटेत २१ वॅटच्या तीन फिलामेंट एकामागोमाग एक आल्या, म्हणून प्रत्येकीच्या वाट्याला व्होल्टेजचा तुकडाच येतो आणि तिन्ही निखाऱ्यासारख्या दिसतात. डॅशवरचा हिरवा दिवा त्याच हिरव्या-लाल तारेला जोडलेला, म्हणून तोही मिणमिणतो. मालकांची गंमत ती हीच. डावा इंडिकेटर दिल्यावर नेमकं उलटं: वीज इंडिकेटरकडून अंगात, तिथून ब्रेकच्या फिलामेंटमध्ये उलटी, हिरव्या-जांभळ्या तारेने उजव्या ब्रेकच्या दिव्यात. म्हणून उजवा ब्रेक लुकलुकतो.

मग नुसत्या पार्किंगला डावा टेल ठीक का दिसतो? ५ वॅटच्या फिलामेंटचा रोध २१ वॅटच्या फिलामेंटपेक्षा कितीतरी जास्त. तिची थोडीशी वीज ब्रेकच्या थंड फिलामेंटमधून पलीकडच्या उजव्या दिव्याकडे सहज निघून जाते, आणि जवळजवळ सगळं व्होल्टेज ५ वॅटच्या फिलामेंटवरच पडतं. दिवा निरोगी दिसतो. ब्रेक दाबला की पलीकडूनही बारा व्होल्ट येतात, परतीची ती फट बुजते आणि टेल काळवंडतो. दिवा लागतो म्हणून त्याचा अर्थ चांगला, असं समजणाऱ्यांची इथेच फसगत होते.

फ्लॅशर रेंगाळण्याचं कारणही हेच. जुना थर्मल फ्लॅशर आतली पट्टी तापवून चालतो. किती लवकर तापेल ते त्यातून जाणाऱ्या करंटवर. पुढचा आणि मागचा मिळून साडेतीन अँपिअर जायला हवे होते, मागच्या दिव्याची वाट लांबल्यामुळे ते कमी जात होते. फ्लॅशर बदलून हा दोष जाणार नव्हताच. (हेच कारण एलईडी बल्ब टाकल्यावर जुना फ्लॅशर गप्प होण्याचं.)

आता मीटर. बल्ब जागेवर, इग्निशन चालू, पार्किंग बंद, ब्रेक दाबलेला. काळी सुई बॅटरीच्या ऋण टोकावर लांब तारेने, लाल सुई दिव्याच्या धातूच्या अंगावर. चांगल्या अर्थला इथे ०.१ च्या आसपास यावं. आले साडेसहा व्होल्ट. पार्किंग लावल्यावर नवाच्या वर. ज्याला बॉडी म्हणायचं त्या धातूवर नऊ व्होल्ट! लांब तारेचं दुसरं टोक क्षणभर दिव्याच्या अंगाला टेकवलं आणि सगळं जिथल्या तिथे: डावा ब्रेक उजळला, हिरवा दिवा विझला, फ्लॅशरने वेग धरला.

दिवा उतरवला. त्याला वेगळी काळी तार नाही. मागच्या दोन आटेदार खिळ्यांनी तो पत्र्याला आवळला जातो आणि तेवढाच त्याचा अर्थ. पत्र्याच्या त्या भागावर नव्या रंगाचा जाड, सुंदर, चकचकीत थर. नटाखालीही रंग, खिळ्याच्या भोकातही रंग. मालकांना विचारलं, "हा ब्रेकचा घोळ रंगाआधी होता का?" ते थांबले आणि म्हणाले, "आठवत नाही... नाही, रंगानंतरचाच तो."

उपाय साधा. नटाखालचा रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकले, दिव्याच्या जस्ती अंगावर आलेली पांढरी पावडर काढली, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. त्याशिवाय दोन्ही मागच्या दिव्यांच्या अंगाला लग (तारेच्या टोकाचं धातूचं कडं) मारून काळी तार ओढली आणि डिकीतल्या एका स्वच्छ बोल्टवर एकत्र आणली, म्हणजे पुढच्या वेळी रंग लागला तरी दिवा पत्र्याच्या भरवशावर राहणार नाही. शुद्धतेचे आग्रही म्हणतील की कारखान्याने ही तार दिली नव्हती. नव्हती दिली, खरं आहे.

हेडलाईट

इथे बरेचजण मीटर ओहमवर ठेवून तारेची दोन टोकं तपासतात, "बीप" वाजला की तार पास. ओहमच्या तपासणीत मीटर तारेतून अगदी नाममात्र करंट पाठवतो. वीसपैकी एक धागा शिल्लक असला तरी तो बीप करतो. हेडलाईटचा करंट गेल्यावर तो धागा काय करतो ते त्याला माहीत नसतं. म्हणून दिव्यांच्या बाबतीत मी ओहम सहसा वापरत नाही. दिवा लावायचा, करंट वाहू द्यायचा, आणि वाटेत कुठे किती व्होल्ट सांडले ते मोजायचं.

इंजिन चालू, डिपर लावलेला. बॅटरीवर १४.१. हेडलाईटच्या जोडापाशी, बल्ब जोडलेला असतानाच, त्याच्या दोन पिनांमध्ये: ११.२. जवळपास तीन व्होल्ट वाटेत गेले. फिलामेंटच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साडेतीनाव्या घाताच्या आसपास बदलतो; १० टक्के व्होल्टेज घटलं तर उजेड ३० टक्के घटतो. या बल्बचा उजेड १३.२ व्होल्टला मोजून ठरवतात. ११.२ ला चाळीस टक्क्यांहून जास्त उजेड गेलेला असतो, आणि उरलेला पिवळट.

हे तीन व्होल्ट कुठे गेले त्याचा हिशेब टप्प्याटप्प्याने. लाल सुई एका टोकाला, काळी पुढच्या टोकाला, दिवे चालूच. बॅटरी ते लाइट स्विचचं तपकिरी टर्मिनल: ०.६. स्विचच्या आत, तपकिरीपासून निळ्यापर्यंत: ०.९. डिपर स्विचमध्ये: ०.५. तिथून दिव्यापर्यंतची तार आणि बुलेट जोड: ०.५. आणि परतीची बाजू, दिव्याच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत: ०.४. बेरीज २.९.

एकही आकडा एकट्याने भयंकर नाही, आणि म्हणूनच कुणाला दोष सापडला नव्हता. सगळ्यांनी थोडं थोडं खाल्लं. त्यातही तारेचा स्वतःचा वाटा किती ते बघा. २ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ९ मिलिओहमच्या आसपास. चार मीटरला १४ अँपिअर वाहिले तर अर्धा व्होल्ट. तेवढा तर नव्या हार्नेसमध्येही जाणारच होता. बाकीचे सगळे स्विच, जोड आणि अर्थ, म्हणजे हार्नेस बदलून जसेच्या तसे राहणारे.

१००/९० च्या बल्बांनी मात्र आगीत तेल ओतलं होतं. डिपरला दोन मिळून १८० वॅट, १४ अँपिअरच्या घरात, वर पार्किंगचे दोन-अडीच. स्विचमध्ये ०.९ व्होल्ट गुणिले सोळा अँपिअर म्हणजे जवळपास १५ वॅट उष्णता, नखाएवढ्या पितळी पट्टीत. स्विच उघडला तेव्हा पट्टी निळी-काळी पडलेली, तिची स्प्रिंग नरम झालेली, भोवतीचं बेकेलाईट भेगाळलेलं. तापून स्प्रिंग नरम झाली की दाब कमी होतो, दाब कमी झाला की आणखी तापते. मोठा बल्ब टाकल्यावर उजेड थोडा वाढतो. बल्बपर्यंत पोचणारं व्होल्टेज घसरतं, आणि ते घसरणं स्विच जाळतं.

म्हणून पहिलं काम, बल्ब परत ६०/५५. एवढ्यानेच वाटेतली गळती २.९ वरून १.८ वर आली. नंतर सगळे बुलेट जोड उघडले. हे गोल डोक्याचे पितळी जोड रबरी आवरणातल्या धातूच्या नळीत दाबून बसतात. दिसायला सुबक, पण आतली नळी गंजली की बाहेरून कळत नाही. ओढून निघाला नाही तर जोड चांगला आहे असं नाही, गंजाने चिकटलेलाही असू शकतो. नळ्या नव्या घातल्या, डोकी घासली. घासण्याआधी ग्रीस चोपडणाऱ्यांना माझा नमस्कार. मळ आत बंद करून ठेवण्याचा तो उत्तम मार्ग आहे.

आणि शेवटी रिले, म्हणजे थोड्याशा करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. अप्परला एक, डिपरला एक. पूर्वी स्विचमधून हेडलाईटचा सगळा करंट जायचा. आता जुन्या निळ्या-पांढऱ्या आणि निळ्या-लाल तारा फक्त रिलेच्या कॉइलला, ८५-८६ क्रमांकाच्या टोकांवर, इशारा देतात. कॉइलला लागतो अँपिअरचा एक-दोन दशांश. दिव्याचा खरा करंट सोलेनॉईडवरून ३ चौरस मिलिमीटरच्या नव्या तपकिरी तारेने, फ्यूजमधून, रिलेच्या ३० वर येतो आणि ८७ वरून दिव्याला जातो. फ्यूज प्रत्येक फिलामेंटला वेगळा. मूळ गाडीत हेडलाईटला फ्यूज नव्हता, त्यामागे विचार होता: फ्यूज उडून रात्री दोन्ही दिवे एकदम जाऊ नयेत. प्रत्येकाला वेगळा फ्यूज दिला की तो विचारही पाळला जातो आणि तारेला राखणही मिळते. मूळ हार्नेसमधली एकही तार कापली नाही; रिले काढले आणि जोड पुन्हा एकमेकांत घातले की गाडी जशी होती तशी. परतीच्या बाजूला दोन्ही हेडलाईटच्या काळ्या तारा नव्याने लग मारून रेडिएटरजवळच्या घासलेल्या पत्र्यावर.

आता बॅटरीवर १४.१ असताना बल्बवर १३.६. साध्या ६०/५५ च्या बल्बचा उजेड बघून मालकांनी विचारलं, "हे किती वॅटचे टाकलेत?"

जाड फ्यूज आणि जळका वास

ही तक्रार मालकांच्या यादीत खाली होती. गाडी माझी असती तर सगळ्यात वर ठेवली असती, कारण बाकीच्यांनी फार तर अंधार होतो, हिने गाडी पेटते.

काचेच्या फ्यूजवरचा आकडा सगळीकडे एकाच अर्थाचा नसतो. जुन्या ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलं असेल तर तो ३५ अँपिअरला वितळतो, सतत झेलतो १७ च. अमेरिकी पद्धतीच्या तशाच दिसणाऱ्या फ्यूजवरचा आकडा सतत झेलण्याचा. या गाडीत कुणीतरी दुसऱ्या पद्धतीचा ३० चा टाकला होता. ३५ पेक्षा लहान आहे म्हणून टाकला असणार. प्रत्यक्षात जवळपास दुप्पट. पार्किंगची लाल तार १ चौरस मिलिमीटरची, तिची मर्यादा पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. म्हणजे तार फ्यूजची राखण करत होती.

अधूनमधून होणारा शॉर्ट शोधायला फ्यूज उडवत बसू नये. पार्किंगच्या वाटेवरचे सगळे बल्ब काढले: पुढचे, मागचे, नंबर प्लेटचे, डॅशचे. फ्यूजच्या जागी दोन तारा लावलेला २१ वॅटचा बल्ब बसवला आणि स्विच दिला. आता त्या सर्किटमध्ये वीज जायला कुठेच जागा नाही, म्हणून बल्ब विझलेला राहायला हवा; कुठे तार बॉडीला टेकली तर तो लखकन पेटणार, आणि तोच करंट अडवून धरतो म्हणून तार तापणार नाही. बल्ब समोर दिसेल असा ठेवला आणि हार्नेस पुढून मागे हलवत, दाबत, वाकवत गेलो. बॉनेटखाली काही नाही. डॅशखाली काही नाही. सीटखालून जाणाऱ्या भागात काही नाही. डिकीचं झाकण उचललं आणि बल्ब पेटला. झाकण खाली, विझला.

झाकणावरच्या नंबर प्लेटच्या दिव्याची तार बिजागरीजवळच्या भोकातून पत्र्यात शिरते. भोकात रबरी ग्रोमेट (पत्र्याच्या कडेपासून तार वाचवणारं कडं) हवं. नव्हतं. रंगकाम करताना काढलेलं परत बसवलं गेलं नव्हतं. पत्र्याच्या कडेने तारेचं आवरण कापलं होतं आणि तांब्याचे चार-पाच धागे उघडे पडले होते. पूर्वी तुटलेल्या जागी तो पिवळा तुकडा जोडलेला, दाबून बसवायच्या निळ्या प्लास्टिकच्या जोडाने. अशा जोडातली पात आवरण कापताना थोडे धागेही कापते. ओल्या जागी, हलणाऱ्या तारेवर तो कधीच टिकत नाही.

जळका वास कसा आला हेही इथे उलगडलं. रंगवलेल्या, गंजलेल्या कडेला टेकलेली तार धड शॉर्ट होत नाही. ती मधेच थोडं टेकते, वीस-पंचवीस अँपिअर घेते, सुटते. १७ च्या फ्यूजला ते फार वेळ सोसलं नसतं, ३० च्याला त्याचं सोयरसुतक नव्हतं. लाल तारेचं आवरण बिजागरीपासून हातभर आतपर्यंत कडक, चकाकणारं झालं होतं.

तेवढा भाग कापून काढला. तारेचा रंग लालच ठेवला, सोल्डर करून वरून हीट श्रिंक नळी. जोड हलत्या भागात येऊ दिला नाही, कारण सोल्डर केलेली तार वाकत राहिली की जोडाच्या कडेला तुटते. ग्रोमेट नवं, आणि बिजागरीपाशी तारेला वळसा ठेवला, म्हणजे झाकण उघडताना ती ताणली जाणार नाही. या सर्किटचा सगळा भार साडेतीन अँपिअरच्या आत; फ्यूज सतत साडेसात झेलणारा टाकला.

राहिलेलं

डॅशचे लुकलुकणारे दिवे निघाले मंद-तेज करणाऱ्या गोल रिऑस्टॅटमुळे. त्याची तारेची गुंडाळी काळी पडली होती. काँटॅक्ट क्लीनर मारून वीसेक वेळा मागे-पुढे फिरवला, थांबलं. पुन्हा सुरू झालं तर बदलावा लागेल.

लाइट स्विच बदलावा का यावर थोडी चर्चा झाली. मालक नवा घ्यायच्या तयारीत होते. माझं मत पडलं की मूळ स्विच राहू द्यावा. पट्टी साफ केली, स्प्रिंगचा दाब वाढवला, तपकिरी तारेचं काळवंडलेलं टोक कापून नवा लग मारला. रिले बसल्यावर त्या स्विचमधून आता पार्किंगचे दोन-अडीच अँपिअर आणि कॉइलचा इशारा एवढंच जातं. एवढं तर तो डोळे मिटून झेलेल. बेकेलाईटची भेग मात्र वाढते का ते बघत राहावं लागेल.

आणि हार्नेस? मालकांनी निघताना पुन्हा विचारलंच. एका जागी खरंच बदलायला हवं आहे: एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणारा वीतभर भाग, जिथे उष्णतेने आवरण कडक झालंय आणि वाकवलं की तडकतं. त्यातून दिव्यांच्या तारा जातच नाहीत, हॉर्नची आणि टेम्परेचरच्या सेन्सरची जाते. तूर्त त्यावर उष्णतारोधक नळी चढवली आहे. क्लचसाठी इंजिन कधी ना कधी खाली येईलच, तेव्हा तेवढा भाग नवा टाकू.